तीन नंबरची काठी

वजन दोरीला असतं! गरीला नाही, आमिषाला नाही, शिशाच्या गोळीला तर नाहीच. चाळिशी उलटल्यावर बंगळुरूतल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मला हे कळलं आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. बायकोने ऐकणं सोडलंय, म्हणून आता तुम्ही ऐका.

लहानपण रत्नागिरीत गेलं, त्यामुळे गरवायला जाणं माझ्या परिचयाचं. बांबूची काठी, टोकाला बांधलेली दोरी, शिसं, गरी आणि गरीला कोळंबीचा तुकडा. वजन दोरीच्या शेवटाला, आणि ते दोरीला आपल्यामागे ओढत नेणार. फ्लाय फिशिंगमध्ये हे सगळं उलटं आहे. गरीवर कोंबड्याच्या मानेची पिसं आणि थोडी लोकर गुंडाळून केलेली खोटी माशी. तिला वजन असं नाहीच. फेकायला गेलात तर पायाशी पडेल. म्हणून दोरीच जाड आणि जड घेतात, ती हवेत मागे उलगडायची, मग पुढे उलगडायची, आणि माशी तिच्या शेपटाला धरून निमूट जाते. काठीने त्या दोरीच्या वजनाने वाकायचं आणि सरळ होता होता ते वजन पुढे सोडून द्यायचं. काठीचं काम एवढंच!

हे दाखवलं ऑफिसातल्या कोडगूच्या मित्राने. गरीऐवजी लाल लोकरीचा तुकडा बांधून सकाळी सहाला आम्ही पाण्याच्या टाक्यांमध्ये उभे. खालून वॉचमन वर आला, बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, ‘मीनु एल्ली, सार?’ मासा कुठेय? रास्त प्रश्न होता. पण दोरी डोक्यावरून सुळकन गेली, समोर सरळ झाली आणि लोकर फरशीवर अलगद टेकली, तेव्हा मासा नसल्याचं मला काही वाटलंच नाही.

मग काठी घ्यायची ठरली आणि खरी मजा सुरू झाली. काठीवर तीन, चार, पाच असा जो नंबर असतो तो तिच्या ताकदीचा आकडा नव्हे. कुठल्या दोरीसाठी ती बनली आहे, त्या दोरीचा तो नंबर. दोरीचे पुढचे ३० फूट तोलायचे. तीन नंबरच्या दोरीचे भरतात १०० ग्रेन, म्हणजे साधारण साडेसहा ग्रॅम. पाच नंबरचे १४० ग्रेन, नऊ ग्रॅम. अडीच ग्रॅमच्या फरकावर माणसं तासन्‌तास भांडतात, आणि मीही आता त्यांच्यात आहे.

इथल्या दुकानात गेलात तर पहिला प्रश्न येतो, ‘किती किलोचा मासा?’ दुकानदाराचं चुकत नाही. हा मुलूखच महसीरचा. शिकारीच्या प्राण्यांत पेंढा भरणाऱ्या म्हैसूरच्या प्रसिद्ध व्हॅन इंगेन घराण्यातल्या एकाने १९४६ साली कबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे चोपन्न किलोंचा महसीर काढला होता. इथल्या गप्पांची फूटपट्टी तिथपासून सुरू होते. (कावेरीतल्या त्या पाठीवर उंचवटा असलेल्या महसीरला नेमकं शास्त्रीय नाव मात्र २०१८ साली मिळालं, आणि तोवर तो नामशेष व्हायच्या बेताला आला होता.) अशा दुकानात मी डोंगरी ओढ्यातल्या वीतभर माशासाठी काठी मागितली. त्याने मला मुलांच्या खेळण्यांकडे बोट दाखवलं नाही, हे त्याचे उपकार.

सगळीकडे सल्ला एकच मिळतो : नऊ फुटी, पाच नंबर, कार्बनची, चपळ. मोठ्या नदीला उत्तम. पण डोंगरातला ओढा दहा-पंधरा फूट रुंद असतो, वर फांद्या, बाजूला खडक. तिथे दोरी जेमतेम दहा-बारा फूट बाहेर येते. आता हिशेब करा! ३० फुटांना साडेसहा ग्रॅम, तर दहा फुटांना? दोन ग्रॅमच्या आसपास, आणि दोरी टोकाकडे निमुळती असते म्हणून त्याहूनही कमीच. एवढ्याशा वजनाने ताठ, चपळ काठी वाकतच नाही. आणि वाकली नाही तर फेकणार काय? म्हणजे छोट्या ओढ्याची काठी हलकी हवी ती हाताला भार नको म्हणून नव्हे, तर थोड्याशा दोरीनेही ती मुळापर्यंत वाकावी म्हणून. हे डोक्यात शिरलं त्या रात्री मला झोप आली नाही, खरं सांगतो.

म्हणून मी घेतली फायबरग्लासची. १९७०च्या दशकात कार्बन आला आणि ग्लास एकदम जुनाट ठरली, कारण ती संथ. पण ओढ्यावर हा संथपणाच कामाचा. साडेसात फूट, तीन नंबर, चार तुकड्यांची. तुकडे सुटे केले की दोनेक फूट, रुकसॅकच्या कडेला बसते. मनगट हलवलं की पिकल्या जोंधळ्याच्या ताटासारखी डोलते. शिवाय कार्बन विजेचा वाहक आहे. एप्रिल-मेच्या वळवात कडकडाट सुरू झाला की कार्बनची काठी हातात धरून गच्चीवर उभं राहण्याइतका उत्साह माझ्यातही नाही. तशा वेळी ग्लासची घेऊनही खाली यावं हे बरं.

दोरी घेतली दोन्ही टोकांना सारखी निमुळती, डबल टेपर. लांब फेकीला पुढून जड दोरी चांगली म्हणतात, पण आपल्याला लांब जायचंय कुठे? एक टोक झिजलं की उलटी करून दुसरं टोक वापरायचं. असला हिशेब मराठी माणसाला लगेच पटतो. तिच्यापुढे पारदर्शक नायलॉन, आणि त्याचं शेवटचं टोक ५एक्स. हे ५एक्स काय, तर अकरातून पाच वजा करा, सहा. जाडी इंचाचे सहा सहस्रांश. किती सुंदर आणि किती विक्षिप्त पद्धत आहे ही!

जपानी तेन्कारा काठीनेही मला जबर मोह घातला. रीळ नाही, दोरी थेट काठीच्या टोकाला बांधलेली. म्हणजे आमची रत्नागिरीची काठीच की! ती दुर्बिणीसारखी एकात एक सरकून हातभर होते. उघड्या, खडकाळ पाण्याला तिच्यासारखी तीच. पण उघडली की अकरा-बारा फूट, आणि झाडांच्या बोगद्यात ती आधी फांदीच पकडते. तूर्त नाही घेतली. तूर्त.

आणि ज्याच्यासाठी ही सगळी तयारी, तो थंड ओढ्यातला ट्राउट? तो इथला नव्हेच. फ्रान्सिस डे याने १८६३ साली निलगिरीत ट्राउट आणायचा प्रयत्न केला, तो फसला. १९०७च्या सुमारास एच. सी. विल्सनने रेनबो ट्राउट तिथल्या थंड ओढ्यांत रुजवला. काश्मीरमध्ये १९००च्या सुमारास ब्राउन ट्राउटची अंडी बर्फातून आली, आणि तिथून तो मासा कुलूला पोचला. हौसेपायी परका मासा सोडला की मूळच्या माशांवर संक्रांत येते, हे मी विसरत नाही. निलगिरी बंगळुरूहून जवळ, पण तिथले बरेच चांगले ओढे आता मुकुर्ती राष्ट्रीय उद्यानात आहेत आणि ते तसेच राहावेत. म्हणून डोळा आहे हिमाचलवर : तीर्थन नदी, आणि गुशैणीला तिला मिळणारा फलाचन नाला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटची बंदी, मार्चला उघडणार, मत्स्य विभागाचा परवाना काढायचा आणि काटा काढलेल्या गरीने धरून सोडून द्यायचं.

तोवर मला धीर कुठला! कोडगूला मित्राच्या घरच्या कॉफीच्या मळ्यातून एक झरा वाहतो. जाईच्या पानाएवढी काळी माशी डोहाच्या कडेला टाकली आणि पाणी फुटलं. काठी थेट मुठीपर्यंत वाकली. मुठीपर्यंत! हातात आला बोटभर लांबीचा बॅरिलियस, अंगावर निळसर पट्टे, रागाने थरथरणारा. १२० पौंडांच्या मुलखात माझा मासा पन्नास ग्रॅमही भरला नसता, आणि मी ओरडलो असा की मळ्यातले गडी धावत आले.

मित्र म्हणतो, तीर्थनला दुपारी दरीतून वारा सुटतो, चार नंबरची काठी घे. मी म्हणतो, सकाळीच जाऊ. वाद मिटलेला नाही. त्याने चार नंबरच्या दोरीचं रीळ माझ्या घरी आणून ठेवलंय आणि मी ते बघतोय, नुसतं बघतोय.