राजाराणीच्या खुर्च्या कोणासाठी?

आपल्या वस्त्यांमध्ये लग्न ठरले की पहिला प्रश्न असतो, हॉल कुठला? दुसरा, स्टेज कसा? विधी कोण लावणार, हा प्रश्न बहुधा आदल्या रात्री आठवतो आणि मग बौद्धाचार्यांची शोधाशोध सुरू होते. डेकोरेटर मात्र दोन महिने आधीच ठरलेला असतो. तो अल्बम उघडतो, त्यात महाल असतात, खांब असतात, प्लास्टिकचे गुलाब असतात आणि मधोमध लाल मखमलीच्या, सोनेरी काठाच्या राजाराणीच्या दोन खुर्च्या. ज्या तथागतांनी राजवैभवाकडे पाठ फिरवली त्यांची मूर्ती एका कोपऱ्यातल्या टेबलावर, कधीकधी तर डीजेच्या स्पीकरला टेकून; आणि त्यांच्यासमोर नवरा-नवरी भाड्याच्या सिंहासनावर! यात काही चुकते आहे असे किती जणांना वाटते?

आम्ही चार-पाच कार्यकर्ते गेली काही वर्षे मुंबईतल्या आमच्या वस्तीच्या विहारात छोटी लग्ने लावतो आणि त्यांची सजावटही करतो. डेकोरेटरच्या धंद्याशी आमचे वैर नाही, त्यात आपलीच पोरे राबतात. पण वीस-पंचवीस लग्ने हाताखालून गेल्यावर काही मते पक्की झाली आहेत. ती काहींना आवडणार नाहीत, आपल्याच चळवळीतल्या काहींना तर मुळीच नाही.

बौद्ध लग्नाची सजावट कशी असावी हे खुद्द बाबासाहेबांनी सांगून ठेवले आहे. ४ डिसेंबर १९५६ रोजी, म्हणजे महापरिनिर्वाणाच्या दोनच दिवस आधी लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी विवाहविधी समजावून दिला. होम नाही, सप्तपदी नाही. एक नवे मडके, ते एका स्टुलावर ठेवायचे, पाण्याने काठोकाठ भरायचे. त्याच्या दोन बाजूंना वधू-वर उभे राहतील. सुती दोरा पाण्यात सोडायचा, एक टोक तिच्या हातात, दुसरे त्याच्या. कोणीतरी मंगलसुत्त म्हणेल. दोघांच्या अंगावर पांढरे कपडे. बस्स. धर्मांतराला दोन महिनेही झाले नव्हते, प्रकृती पार ढासळलेली होती, आणि अशा वेळी हा माणूस लाखो गरिबांच्या लग्नात काय मांडायचे याचा विचार करत होता. त्या यादीतली एकही वस्तू अशी नाही की जी मजुराला कर्ज काढून आणावी लागेल. आज किती लग्नांत ते मडके दिसते? फोटोग्राफर सांगतो, मधे येते, जरा बाजूला करा.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. वस्तीतली म्हातारी माणसे म्हणतात, "पोरांनो, आमच्या लग्नाला गावात वाजंत्री लावू दिली नव्हती. आता चार पैसे आलेत तर आमच्या नातीच्या लग्नात झुंबर का नको?" खरे आहे. 'जातिप्रथेचे विध्वंसन' पुन्हा काढून वाचा. १९२८ साली इंदूरकडच्या गावांमध्ये बलाई समाजावर सवर्णांनी लादलेल्या अटी बाबासाहेबांनी त्यात दिल्या आहेत. सोनेरी किनारीचे पागोटे नको. रंगीत काठाचे धोतर नको. बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. आणि हिंदूंच्या लग्नात मात्र वाजवायला यायचेच. जयपूर संस्थानातल्या चकवाऱ्यात १९३६ साली अस्पृश्यांनी पंगतीत तूप वाढले म्हणून जेवणाऱ्यांवर हल्ला झाला. म्हणजे आपल्या अंगावरचा काठ आणि पानातले तूप हेसुद्धा या देशात राजकारण होते. घोड्यावरून वरात काढली म्हणून मारहाण झाल्याच्या बातम्या आजही येतात. त्यामुळे "साधेपणा शिका" असे उपदेश आपल्या आईबापांना करणाऱ्या पोटभरल्या माणसांशी आमचे जमत नाही. ज्याला घोड्यावर बसायचे आहे त्याने जरूर बसावे, आणि कोणी अडवले तर आम्ही लगाम धरायला येऊ.

पण हक्क वेगळा आणि सक्ती वेगळी. पूर्वी गावाने सांगितले, काठ लावायचा नाही. आज शेजारी, नातेवाईक आणि मोबाईलमधले व्हिडिओ सांगतात, झुंबर लावलेच पाहिजे. दोन्ही वेळा ठरवणारे आपण नाही. आणि त्या एका संध्याकाळचे पैसे कुठून येतात? बचत गटातून, फायनान्स कंपनीकडून, आईच्या गळ्यातल्या डोरल्यातून. फुले सकाळी कचरागाडीत जातात आणि हप्ता पुढची दोन-तीन वर्षे येत राहतो. तो बहुतेक वेळा नवी सून भरते, जिला कोणी विचारलेलेही नसते की बाई, तुला हा महाल हवा होता का?

बलाईंच्या अंगावरचा पांढरा रंग सक्तीचा होता. बाबासाहेबांनी सांगितलेला पांढरा रंग आपण निवडलेला आहे. हा फरक नीट कळला तर बाकीची चर्चा सोपी होते.

आता दुसऱ्या टोकाबद्दल. आपल्यात काही कडक कार्यकर्ते असे आहेत की ज्यांना फुलाची पाकळीसुद्धा सोसत नाही. कोर्टात सही करा, पेढा वाटा, मोकळे व्हा! आंतरजातीय लग्न करून आलेल्या जोडप्यांना तर हे हमखास ऐकवले जाते. दोन वर्षांपूर्वी असेच एक जोडपे आमच्याकडे आले. मुलगा आपला, कुरिअरच्या गोदामात कामाला. मुलगी दुसऱ्या जातीतली, दुसऱ्या जिल्ह्यातली, घर सोडून आलेली. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचे तर नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयाच्या फलकावर लागते आणि तीस दिवस थांबावे लागते. दोघांपैकी एकजण तरी आधीचे तीस दिवस त्या जिल्ह्यात राहिलेला असावा लागतो. मुलगा इथे वर्षभर होता म्हणून तेवढे निभावले. पण फलकावर नाव-पत्ता लागला की मुलीच्या घरी कळायला कितीसा वेळ लागतो? अशा जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष आणि सुरक्षित निवारे असावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले आहे. आमच्या जोडप्याचा निवारा म्हणजे विहारातल्या एका उपासिकेची दहा बाय बाराची खोली. मुलगी महिनाभर तिथेच राहिली.

एका कार्यकर्त्याने तिला तेच ऐकवले, सही केली की झाले, सजावट कशाला? ती म्हणाली, "काका, घरी सगळे म्हणतात मी तोंड लपवून पळाले. मला माझं लग्न लग्नासारखं दिसायला हवं." आम्हाला तिचे म्हणणे शंभर टक्के पटले. ज्याचे लग्न चोरीचे म्हणून हिणवले जाते त्याला चार माणसांत, फुलांच्या माळांखाली, ताठ मानेने उभे राहण्याची गरज इतरांपेक्षा जास्त असते. सजावटीला चंगळ म्हणणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही, कारण त्यांच्या स्वतःच्या लग्नात मांडव होता.

पैसे किती होते? खोलीचे डिपॉझिट आणि कार्यालयाचे हेलपाटे वजा जाता चार हजार दोनशे. त्यात चाळीस माणसांचे जेवणही आले. पण हातात तीस दिवस होते. त्या उपासिकेने पिंपळाखाली पडलेली अखंड पाने गोळा केली आणि बादलीत भिजत घातली. अधूनमधून पाणी बदलायचे. वास येतो, शेजारी कुरकुरतात. तीन-चार आठवड्यांत पानाचा गर सुटतो, जुन्या टूथब्रशने हळूच घासला की नुसती जाळी उरते. शाळेच्या वहीत आपण सगळ्यांनी असे पान जपलेले असते. मुलगी संध्याकाळी पाने साफ करून वर्तमानपत्रात दाबून ठेवायची. फलकावरच्या नोटिशीकडे डोळे लावून बसण्यापेक्षा हाताला काम होते, हे तिनेच नंतर सांगितले. महिन्याअखेर सव्वाशेच्या आसपास पाने झाली.

आदल्या दिवशी धारावीच्या कुंभारवाड्यातून मडके आणले, एकशे वीस रुपये. लग्नाच्या दिवशी पहाटे दोघे जण दादरच्या फूलबाजारात गेले. तिथे तयार हार महाग पडतात, सुटी फुले किलोवर घ्यायची आणि ओवायची घरी. निशिगंध, पांढरी शेवंती आणि थोडा झेंडू मिळून साडेआठशे. वस्तीतल्या बायकांनी दहा वाजेपर्यंत दोन हार आणि सोळा माळा ओवल्या. निळे कापड तीनशेचे. पांढरा मांजरपाट आमच्या पेटीत होताच. मागच्या भिंतीवर त्याच्या चुण्या घातल्या, मधे निळा पट्टा आणि त्यावर सुती दोऱ्याने पानांच्या जाळ्या सोडल्या. पंखा लागला की त्या हलायच्या. नावे कार्डशीटवर वस्तीतल्या एका मुलाने ब्रशने लिहिली. रंग, मेणबत्त्या, काचेचे ग्लास, सुतळी, टाचण्या धरून एकूण सोळाशे वीस. उरलेल्या पैशांत वरण-भात, बटाट्याची भाजी आणि बुंदी. तांदूळ बायकांनी घरोघरून आणला. खुर्च्या विहारातल्याच, प्लास्टिकच्या. वधू-वरांच्या खुर्च्या पाहुण्यांच्याच उंचीच्या, आणि तथागत व बाबासाहेब त्या दोघांपेक्षा उंच जागी.

सकाळी विवाह अधिकाऱ्यासमोर तीन साक्षीदारांच्या सह्या झाल्या, दुपारी विहारात त्रिशरण, पंचशील, मडके, दोरा. अक्षता नाहीत, पाकळ्या. आपल्या आयाबहिणींनी निवडलेला तांदूळ पायाखाली तुडवण्यात कसले मंगल आहे, हे आम्हाला कधीच कळले नाही.

तिसऱ्या दिवशी पोलीस चौकीतून बोलावणे आले. मुलगी पळवून नेल्याची तक्रार होती. चौकीत प्रमाणपत्र दाखवले, मुलीने जबाब दिला, कायद्याच्या बाजूने विषय तिथे संपला. मुलीचा बाप बोललाच नाही. आई आली होती. तिने मुलीच्या मोबाईलमधला लग्नाचा फोटो बराच वेळ पाहिला. मांजरपाट, पाने, माळा, मागे उभ्या असलेल्या बायका, पुढे बसलेली पोरे. मग तिने एकच विचारले, "हार कोणी केले?" मुलीने बायकांची नावे घेतली. बाई गप्प झाली. त्यांच्यात पुढे येणे-जाणे सुरू झाले का, तर अजून नाही. सणाला फोन येतो, एवढेच.

ज्यांना असे लग्न करायचे आहे त्यांच्यासाठी अनुभवाच्या काही गोष्टी. पैसे थोडे असतील तर चारही भिंती झाकू नका. एकच भिंत निवडा, जिच्यासमोर दोघे उभे राहणार, आणि सगळे तिथेच खर्च करा. मेणबत्ती कापडापासून लांब आणि काचेच्या ग्लासात ठेवा. पंखा बंद केला तर पाहुणे उकडतात, चालू ठेवला तर ज्योत विझते. थर्माकोलच्या कमानींचा मोह नको, राज्यात २०१८ पासून त्यावर बंदीच आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नेत्यांचे फ्लेक्स. नगरसेवकाचा हसरा फोटो बाबासाहेबांच्या फोटोएवढा असलेले लग्न आम्ही पाहिले आहे. वर्गणी दिली म्हणून भिंत मागणाऱ्याची वर्गणी परत करा. आणि विधी झाला तरी नोंदणी टाळू नका. बौद्धांची लग्ने अजूनही १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखालीच धरली जातात, स्वतंत्र बौद्ध विवाह कायद्याची मागणी पडून आहे. त्यावर वेगळा लेख लिहावा लागेल.

साधे लग्न म्हणजे गरिबाचे लग्न, ही समजूत आपल्या इतिहासात बसत नाही. सत्यशोधक समाजाचे पहिले लग्न २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात लागले, भटजीविना, हुंड्याविना, किरकोळ खर्चात, आणि त्यामागे सावित्रीबाई उभ्या होत्या. बाबासाहेब आणि रमाईंचे लग्न भायखळ्याच्या बाजारात, बाजार उठल्यावर रात्री लागले. बसायला दगडी ओटे, पायाखालून वाहणारे गटाराचे पाणी, आणि पहाटे कोळणी येण्याआधी जागा मोकळी करायची. तेव्हा दुसरी जागा मिळण्याजोगी परिस्थिती नव्हती. १९४८ साली बाबासाहेब देशाचे कायदेमंत्री होते, दिल्लीत हवा तो हॉल मिळाला असता. १५ एप्रिलला त्यांनी माईसाहेबांशी राहत्या घरी, मोजक्या माणसांत नोंदणी पद्धतीने लग्न केले.

आमची पेटी विहारात असते. तीस मीटर मांजरपाट, निळ्या कापडाचे दोन तुकडे, पंचशील ध्वज, वीस ग्लास, स्टूल आणि पानांच्या जाळ्यांचे एक पुठ्ठ्याचे खोके. त्यातली चाळीसेक पाने अजून चांगली आहेत. भाडे नाही. कोणाही जोडप्याने यावे, वहीत नाव लिहून न्यावे. मडके नवे घ्यायचे आणि ते त्यांच्याच घरी राहील. कापड मात्र धुऊन, घडी घालून आठ दिवसांत परत करावे, कारण पुढच्या महिन्यात दोन लग्ने आहेत.

जय भीम!