पोरांच्या शिक्षणाचा हप्ता

शाळा सुरू झाल्या. आता तुम्हाला एक फोन येईल. समोरचा माणूस गोड बोलेल. तुमच्या पोराचं नाव, तो कितवीत आहे, सगळं त्याला माहीत असेल. "मी अमुक अ‍ॅपमधून अकॅडमिक काउन्सेलर बोलतोय," असं सांगेल.

तो फोन मी दीड वर्ष करत होतो. म्हणून ही पोस्ट. मोठी आहे, पण ज्यांच्या घरात शाळेत जाणारं पोर आहे त्यांनी पूर्ण वाचा.

मी खुलताबादचा. बी.एस्सी., बी.एड. २०१२ पासून राज्यात शिक्षकभरती जवळपास ठप्पच होती. २०१७ ला पवित्र पोर्टल आलं, डिसेंबरात परीक्षा झाली, यादी लागायला ऑगस्ट २०१९ उजाडला. यादीत मी नव्हतो. एका विनाअनुदानित शाळेत ७ हजारांवर गणित शिकवत होतो. मार्च २०२० ला कोरोनात शाळा बंद झाली आणि पगारही.

तेव्हा सगळा देश मोबाइलवर शिकायला बसला होता. ऑगस्ट २०२० मध्ये बायजूने व्हाइटहॅट ज्युनियर ही कंपनी ३० कोटी डॉलरला घेतली, ती बातमी मी गच्चीवर बसून वाचली होती. या धंद्यात पैसा नुसता वाहत होता. २०२१ च्या मध्यावर मलाही एका स्टार्टअपमध्ये नोकरी लागली. (वर लिहिल्या त्या दोन्ही नव्हेत. नाव लिहीत नाही.) पगार २६ हजार, काम घरूनच. पहिल्या पगारात आईने किराण्याची सगळी उधारी फेडली. हे खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला लई भारी वाटलं होतं.

मला वाटलं होतं शिकवायचं काम असेल. काम होतं विकायचं.

सकाळी दहाला ऑनलाइन मीटिंग. काल ज्याचा एकही सेल झाला नाही त्याने कॅमेरा चालू ठेवून सगळ्यांसमोर कारण सांगायचं. मग दिवसभर कानाला हेडफोन. घरात रेंज नाही, म्हणून उन्हात गच्चीवर. रोज अमुक मिनिटं बोलणं झालंच पाहिजे, महिन्याला अमुक लाखाचा धंदा झालाच पाहिजे. पालक आमच्यासाठी 'लीड' होते आणि पोरगं म्हणजे 'डेमो'.

डेमो कसा असायचा सांगतो. पोरगी सहावीत असेल तर सातवीचा प्रश्न विचारायचा. ती अडखळली की काही बोलायचं नाही, आठ-दहा सेकंद गप्प बसायचं. आई-बाप शेजारीच बसलेले असतात. ते गप्प बसणं आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं.

पैसे नाहीत म्हणाले, तर उत्तर तयार: "दिवसाला सत्तर रुपये पण पडत नाहीत हो, दोन चहा आणि एक वडापाव." हप्ता म्हणायचं, कर्ज हा शब्द टाळायचा. पण तो हप्ता म्हणजे फायनान्स कंपनीने बापाच्या नावावर दिलेलं कर्जच असायचं. अ‍ॅप बंद केलं तरी ते चालू राहतं.

आता जे सांगायचं होतं ते सांगतो.

जानेवारी २०२२. महिनाअखेर, माझं टार्गेट अर्धवट. एका फोनवर मागे घंटा वाजली. मी सहज विचारलं, तर मामांचं भद्रा मारुतीजवळ नारळ-प्रसादाचं छोटं दुकान. पोरगी सहावीत. मामा हो-नाही करत होते. मी म्हणालो, "मामा, मी पण खुलताबादचाच. गावचा पोरगा तुम्हाला फसवीन का?"

हे वाक्य कंपनीने शिकवलेलं नव्हतं. ते माझं स्वतःचं होतं.

पाच मिनिटांत ओटीपी आला. ३६ हजारांचा कोर्स, दोन हजारांचे अठरा हप्ते.

पुढे श्रावणातल्या एका शनिवारी दर्शनाला गेलो. गर्दी तुम्हाला माहीतच आहे. एका दुकानात नारळ मागितला, तर दुकानदार माझ्याकडे बघतच राहिले. "तुमीच का ते फोनवाले सर? आवाज तसाच वाटतोय."

मी म्हणालो, "नाही मामा, दुसरं कोणी असेल."

नारळ घेतला आणि दर्शन न घेताच घरी आलो. रात्रभर झोप नाही. रविवारी सकाळी परत गेलो आणि सांगितलं, मीच तो.

मामा चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "गावचा पोरगा म्हणला म्हणून घेतलं सर. नाहीतर एवढे पैसे कोण देतंय?" पोरगी मराठी माध्यमाची, व्हिडिओतलं अर्धं इंग्रजी. मराठीतून शंका सोडवायला सर मिळतील असं मीच बोललो होतो, ते कधी मिळाले नाहीत. बंद करा म्हणून मामांनी फोन केले, तर कंपनी म्हणे फायनान्सला विचारा आणि फायनान्स म्हणे कंपनीला.

आम्ही दोघांनी बसून ईमेल लिहिला. ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार केली. निकाल लागेपर्यंत नऊ हप्ते गेले होते. उरलेले नऊ रद्द झाले, गेलेले १८ हजार गेले ते गेलेच.

त्यानंतर मी बाणेदारपणे राजीनामा दिला असं वाटत असेल तर तसं नाही. पुढे तीन महिने मी तेच फोन करत होतो. नोव्हेंबरात त्यांनीच आम्हा बऱ्याच जणांना पंधरा मिनिटांच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये घरी बसवलं. नंतर मोठ्यांचीही गत पाहिली. २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलरची मानली गेलेली बायजू जुलै २०२४ मध्ये १५८ कोटींच्या थकबाकीवरून दिवाळखोरीच्या कारवाईत गेली.

तंत्रज्ञान वाईट आहे असं मी म्हणत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले, २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळवला. आमच्या अ‍ॅपचे अपूर्णांकांचे व्हिडिओही खरंच चांगले होते.

पण मामांच्या पोरीला मी तीन रविवार शिकवलं, तेव्हा कळलं की तिला अपूर्णांक येत नव्हते कारण तिचा भागाकारच कच्चा होता. ते तिच्या वहीत बघितल्यावर दोन मिनिटांत दिसलं. सहा-सात महिने कोर्स चालू होता, तिची वही कोणीच बघितली नव्हती. मीही डेमोत नाही.

म्हणून एवढं करा. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २३ डिसेंबर २०२१ लाच पालकांना सावध केलं आहे, ऑटो-डेबिट टाळा म्हणून. फोनवर ओटीपी देऊ नका. हप्ता म्हणाले की विचारा, कर्ज कोणाचं आणि कोणाच्या नावावर? जे तोंडी सांगतात ते लेखी मागा. फसलात तर १९१५. आणि बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर, धड्यांचे व्हिडिओ दीक्षा अ‍ॅपवर फुकट आहेत, आधी ते बघा.

त्या सेलवर मला १,८०० रुपये कमिशन मिळालं होतं. ते मामांना द्यायला गेलो. वाटलं, नको म्हणतील. त्यांनी घेतले, मोजून घेतले. बरं वाटलं.

फोन आला तर एकच विचारा: माझ्या पोराची वही कोण बघणार?