सदाफुलीची मात्रा

सदाफुली आपल्याकडे कोणी मुद्दाम लावत नाही, ती उगवते. तुळशीवृंदावनाच्या फटीत, गच्चीच्या पाइपाशी, कुठेही. हिंदीत ती सदाबहार, बंगालीत नयनतारा, तमिळमध्ये नित्यकल्याणी. नावं इतकी आपली, की हे झाड मूळचं मादागास्करचं आहे हे कोणाला खरं वाटत नाही.

तिच्याकडे विज्ञान वळलं ते मधुमेहासाठी. १९५०च्या दशकात जमैकाहून तिची पानं कॅनडात रॉबर्ट नोबल यांच्या प्रयोगशाळेत आली. उंदरांची साखर काही उतरली नाही, पांढऱ्या पेशी मात्र घटल्या. मग ज्या रोगात पांढऱ्या पेशीच माजतात तिथं हे चालेल का? या वाटेनं नोबल आणि चार्ल्स बिअर यांच्या हाती व्हिनब्लास्टिन लागलं, मागोमाग व्हिनक्रिस्टिन आलं. पेशी दुभंगताना गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढणारे सूक्ष्म धागे तयार होतात. ही द्रव्यं ते धागे विणूच देत नाहीत.

माझ्या आत्याला लिम्फोमा झाला तेव्हा किमोच्या कागदावर व्हिनक्रिस्टिन होतं, दोन मिलिग्रॅम. ते कुठून येतं हे कळल्यावर ती म्हणाली, "मग सुई कशाला टोचून घेऊ? दारातच आहे की. रोज चार पानं चावते."

हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं. त्या पानांत शंभराहून जास्त अल्कलॉइडं असतात आणि व्हिनक्रिस्टिन त्यात इतकं कमी, की एका ग्रॅमसाठी शेकडो किलो सुकी पानं लागतात. कोणत्या पानात किती, हे सांगता येत नाही. आणि दोन मिलिग्रॅम ही सहसा एका वेळची कमाल मर्यादा. तेवढ्यानंही बोटांना मुंग्या येतात, पोट साफ होत नाही.

तोवर शेजारपाजारहून गुळवेलीचा काढा, गव्हांकुराचा रस, हळद-मिरीच्या कॅप्सूल असं बरंच घरात आलं होतं. डॉक्टर रागावले नाहीत. "सगळं कागदावर लिहून आणा, काही लपवू नका," एवढंच म्हणाले. आल्याचा तुकडा आणि आमटीतली हळद राहिली, काढा आणि कॅप्सूल किमो संपेपर्यंत बंद झाल्या. हळद रक्तात फारशी उतरत नाही, म्हणून कॅप्सूलमध्ये मिरीचा अर्क घालतात. तो अर्क शरीराचं मोडतोडीचं काम मंदावतो. पण व्हिनक्रिस्टिनही यकृतातच मोडतं. ते काम मंदावलं, तर मोजून दिलेलं औषध न मोजता वाढू शकतं.

आत्याला हे पटलं, तरी ती म्हणाली, "म्हणजे मी नुसतं पडून राहायचं?"

सुई, सलाइन, तारखा, सगळं दुसऱ्यांच्या हातात. काढा उकळणं तेवढं तिच्या हातात होतं, आणि तेही आम्ही काढून घेतलं होतं.

'झाडपाला की किमो' हा वाद मला तेव्हापासून पोकळ वाटतो. नंदुरबारला जन्मलेल्या मनसुख वाणी यांनी अमेरिकेत मन्रो वॉल यांच्यासोबत १९६६ साली एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन आणि १९७१ साली यू वृक्षाच्या सालीतून टॅक्सॉल जगापुढे आणलं. तेच कॅम्प्टोथेसिन आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यातही आहे, आणि त्यापायी घाटातली ही झाडं बेसुमार तोडली गेली. किमोच्या बाटलीत झाड आधीच असतं. प्रश्न असतो तो ते मोजलेलं आहे का, एवढाच.

आत्यानं मग एक शंभरपानी वही घातली. काय खाल्लं, पोट कधी साफ झालं, मुंग्या कुठवर आल्या, सगळं ती तारखेनिशी लिही. चौथ्या किमोआधी तिथं एक ओळ होती: 'ब्लाउजचे हुक लागेनात.' डॉक्टरांनी ती दोनदा वाचली आणि व्हिनक्रिस्टिनची मात्रा कमी केली.