गुंतागुंत की हलगर्जी?

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे कुठलीही गोष्ट मला आधी इंग्रजीत आठवते आणि मग मराठीत! 'कॉम्प्लिकेशन'ला मराठीत 'गुंतागुंत' म्हणतात हे मला दोन वर्षांपूर्वी एका संमतीपत्रावर कळलं. 'शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत होऊ शकते' असं छापलेलं होतं आणि बाबांनी खाली सही केली. अशा वेळी कोण सही करत नाही?

आम्ही वालचंदनगरचे. आजोबांनी तिथल्या कारखान्यात पस्तीस वर्षं इन्स्पेक्शनचं काम केलं. साखर कारखान्यांची यंत्रं, बॉयलर, इस्रोच्या रॉकेटची मोटर केसिंग... आमच्या गावात लहान पोरांनाही 'टेस्टिंग' हा शब्द माहीत असतो. निवृत्तीनंतर मात्र मधुमेहाने आजोबांना गाठलं. शंभर पावलं चालले की पोटरीत गोळे यायचे. मांडीतली रोहिणी तुंबली होती. पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात बायपास करायची ठरली.

बायपास फक्त हृदयाचीच नसते बरं का! पायातलीच एक नीला काढून, तुंबलेल्या भागाला वळसा घालून ती रोहिणीला जोडतात. पाइपलाइनचं तत्त्व आपल्याला माहीत आहे. फरक एवढाच की रक्त गोठतं. ही नवी जोडणी पहिल्याच दिवशी गुठळीने बंद पडू शकते, अगदी निष्णात सर्जनच्या हातूनसुद्धा. ही झाली गुंतागुंत. म्हणूनच पहिली रात्र पायाचा रंग, ऊब आणि नाडी ठराविक वेळाने तपासून लिहून ठेवायची असते. रक्त पूर्ण थांबलं तर स्नायूंच्या हातात साधारण चार ते सहा तासच उरतात.

रात्री अकराला आजी म्हणाली, "सिस्टर, ह्यांचा पाय गार लागतोय हो." उत्तर आलं, "ऑपरेशननंतर असंच असतं आजी. सकाळी सर राउंडला येतील." दोन वाजता आजीने पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच उत्तर. सर सकाळी आठला आले, घाईघाईने दुसरं ऑपरेशन झालं, आणि चौथ्या दिवशी आजोबांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

घरात दोन तट पडले. काका म्हणाले, "नशिबाचे भोग. डॉक्टर काय देव आहे का?" बाबा म्हणाले, "कोर्टात खेचतो त्यांना." आजोबा फक्त एवढंच म्हणाले, "रात्रीची रीडिंग्ज आणा." फाईल आली. रात्री दहा ते सकाळी सात, सगळे रकाने कोरे! बॉयलरच्या हायड्रो टेस्टला गेजचा आकडा लिहिला नाही, तर टेस्ट झालीच नाही असं आजोबा आयुष्यभर धरत आले.

मग सुट्टीत मी या विषयावरचे निकाल वाचायला लागले. त्यातला एक मनातून जात नाही. ६ मे १९५३. रत्नागिरी जिल्ह्यातलं पालशेत. समुद्रकिनाऱ्यावर आनंद गोडबोले या मुलाचं मांडीचं हाड मोडलं. वय सुमारे वीस, म्हणजे माझंच वय! गावातल्या डॉक्टरांनी फळ्या बांधल्या. ९ मे रोजी त्याला टॅक्सीने पुण्याला आणलं. वडील स्वतः डॉक्टर, दौंडला दवाखाना. पुण्याच्या सर्जनने भूल न देता, फक्त मॉर्फियावर, तीन मदतनीसांच्या मदतीने पाय जोराने ओढून प्लास्टर घातलं. सगळं ठीक आहे या भरवशावर वडील दौंडला निघाले. संध्याकाळी मुलाला श्वास लागला आणि रात्री नऊला तो गेला.

सर्जनचं म्हणणं होतं, फॅट एम्बॉलिझम. म्हणजे मोडलेल्या हाडातली चरबी रक्तात मिसळून रक्तवाहिन्यांत अडकणे. अशी गुंतागुंत खरोखर होते. पण कोर्टाने विचारलं की त्या दुपारी नेमकं काय केलं? भुलेशिवाय केलेल्या ओढाताणीचा धक्का बसूनच मृत्यू झाला, असं ठरलं. सर्वोच्च न्यायालयाने २ मे १९६८ रोजी ते कायम केलं. पंधरा वर्षं, आणि भरपाई रुपये ३,०००! डॉक्टरकडून सर्वोच्च कौशल्याची अपेक्षा नाही, पण वाजवी काळजी घेतलीच पाहिजे, हे तत्त्व त्या निकालात आहे.

दुसरा मुलगाही विशीतलाच, आणि चक्क इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. प्रशांत धनंका. १९९० मध्ये हैदराबादच्या निम्समध्ये छातीतल्या गाठीचं ऑपरेशन झालं आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. संमती फक्त तपासणीपुरती घेतली होती, काढली मात्र पूर्ण गाठ, आणि तीही न्यूरोसर्जनशिवाय. आपली बाजू त्याने सर्वोच्च न्यायालयात स्वतः मांडली. २००९ मध्ये एक कोटी रुपये मंजूर झाले.

याचा अर्थ प्रत्येक वाईट निकाल म्हणजे गुन्हा असा नाही. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाने हेच बजावलं, की उपचार फसला एवढ्यावरून डॉक्टर दोषी ठरत नाही. हे न समजल्यामुळेच लोक दवाखाने फोडतात. महाराष्ट्राला २०१० मध्ये डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध कायदा करावा लागला, ही काही अभिमानाची गोष्ट नाही. आजोबा तर आजही म्हणतात, "सर्जनचा हात चांगला होता. रात्र कुणी पाहिली नाही."

म्हणून हॉस्टेलवाल्यांनो, तोडफोड नको आणि 'नशीब' म्हणून गप्प बसणंही नको. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं मिळायला हवीत. मागा, लेखी मागा. १९९५ च्या निकालापासून पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात. तक्रारीला मुदत दोन वर्षांची. बाबांनी मुदतीत तक्रार केली आहे, निकाल लागायचाय.

आणि घरचं कुणी ॲडमिट असेल तर पहिल्या रात्री जागं राहा. काही वेगळं वाटलं तर सांगा, कुणी ऐकलं नाही तर ड्यूटीवरच्या डॉक्टरांना बोलवायला सांगा, आणि किती वाजता सांगितलं ते वहीत लिहून ठेवा. जर्नल लिहायची सवय तरी कधी कामाला येणार?

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)