हौद, दोन नळ आणि ४३ पुस्तकं

परदेशातल्या मराठी घराची एक खूण आहे. दिवाणखान्यात मराठी पुस्तकांचं एक कपाट असतं, आणि जेवायला आलेला पाहुणा हात पुसत त्याच्यासमोर मान तिरकी करून उभा राहतो. मग विचारतो, "हे सगळं वाचलंय तुम्ही?" यजमान हसून विषय बदलतो. आमच्याकडेही असं कपाट आहे आणि आम्हीही बरीच वर्षं विषय बदलत आलो. या नाताळच्या सुट्टीत मात्र बाहेर मिशिगनचा बर्फ पडत असताना आम्ही ठरवलं, की या प्रश्नाचं उत्तर एकदा आकड्यांत काढायचंच. आम्ही म्हणजे दोघं. दोघंही इंजिनिअर, दोघंही एम.एस.च्या निमित्ताने इथे आलेले. लिहिणारा हात एकाचा असला तरी हिशेब दोघांचा आहे.

सगळं कपाट जमिनीवर उतरवलं. वाचलेली पुस्तकं सोफ्याकडे, न वाचलेली टीव्हीकडे. "अर्धवट" असा तिसरा ढीग करावा अशी सूचना आली, पण त्यावरून वाद होणार हे दिसल्यामुळे नियम केला: पन्नास पानांच्या आत सोडलेलं पुस्तक न वाचलेलंच धरायचं. दिवाळी अंक मोजणीतून वगळले. १९०९ साली 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणूस ते "सावकाश वाचू" म्हणून बाजूला ठेवत आला असावा, आम्ही कोण ती परंपरा मोडणार! उरली ४३ पुस्तकं. पानं ११,९०० च्या आसपास.

आता वेग. मराठीचं एक पान आम्हाला साधारण दोन मिनिटं लागतं. कॉलेजात असताना एवढा वेळ लागत नव्हता, पण दिवसभर इंग्रजी वाचणाऱ्या डोळ्यांना जोडाक्षरांवर जरा थांबावं लागतं. रात्री अर्धा तास म्हणजे १५ पानं. वर्षातून गणपती, दिवाळी, मुलांच्या परीक्षा, ऑफिसातल्या डेडलाइन आणि नुसतीच आलेली झोप वजा केली तर २७० दिवस हाती लागतात. झाली ४,०५० पानं. म्हणजे जेमतेम तीन वर्षांत कपाट वाचून संपायला हवं. मग ते भरत का चाललंय?

शाळेत आपण सर्वांनीच हौदाची गणितं केली आहेत. एका नळाने हौद भरतो, दुसऱ्याने रिकामा होतो, दोन्ही एकदम सुरू ठेवले तर किती वेळ लागेल? तेव्हा प्रश्न पडायचा की दोन्ही नळ एकदम सोडणारा हा शहाणा कोण. तर तो आम्हीच. दर भारतवारीत अप्पा बळवंत चौकात एक संध्याकाळ जाते. आम्ही आलो तेव्हा ३२ किलोच्या दोन बॅगा मिळायच्या, पुढे त्या २३ किलोच्या झाल्या. पण वजनकाट्यावर भाजणी आणि गोडा मसाला मागे राहिला तरी पुस्तकं मागे राहत नाहीत. शिवाय मावश्या, आत्या, मित्र यांच्या भेटी. सरासरी वर्षाला दहा पुस्तकं, म्हणजे २,७७० पानं आत. ४,०५० मधून ती वजा केल्यावर हौद रिकामा व्हायला नऊ वर्षांहून जास्त लागतात. तोवर आमची पन्नाशी उलटलेली असेल आणि चश्म्याचा नंबर कुठे गेला असेल कोण जाणे.

तेव्हा पहिला निर्णय सोपा होता. एक नळ वर्षभर बंद. नवीन पुस्तक घ्यायचं नाही, घरातलीच चौदा वाचायची.

कुठली चौदा, इथे मात्र गाडी अडली. एकाचं म्हणणं, बारीक पुस्तकं आधी घ्यावीत, आकडा झपाट्याने खाली येतो. दुसरीचं म्हणणं, मग जाड पुस्तकं कपाटातच म्हातारी होतील. कालानुक्रमे वाचावं, लेखकवार वाचावं, असे तक्ते करून पाहिले. स्प्रेडशीट छान झाली. पण ती पाहून वाचायची भूकच मरत होती!

याच सुमारास मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक निरोप आला. निवृत्तीनंतर लहान घरात जाणाऱ्या एका जोडप्याकडे मराठी पुस्तकांची सहा खोकी होती, कुणी नेईल का? आमच्या गावच्या वाचनालयात मराठीला कपाट नाही आणि त्यांच्या मुलांना देवनागरी वाचता येत नाही. आम्हीही एक खोकं आणायला निघालो होतो, पण बंद नळाची आठवण झाली. आमच्या मुलांचं तरी काय? लेक तेरा वर्षांची, मराठी शाळेत बाराखडी शिकलेली, बोट ठेवून वाचते. धाकटा दुकानाची पाटी वाचण्याइतपत. म्हणजे या ४३ पुस्तकांना आमच्या घरात वाचक मिळायचे ते बहुधा आम्हीच.

त्यामुळे ढिगाकडे पुन्हा बसलो आणि एकेक पुस्तक हातात घेऊन वेगळंच विचारायला लागलो: हे कुणाबरोबर वाचायचं?

सर्वांत वर आलं ते विश्वास पाटलांचं 'झाडाझडती'. धरणाखाली गेलेल्या गावाच्या पुनर्वसनाची ही कादंबरी १९९१ची, पुढच्या वर्षी तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आमची प्रत बाबांची. बाबा म्हणजे एकाचे वडील, दुसरीचे सासरे. पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले, साताऱ्याला असतात. २००४ साली निघताना त्यांनी ही हातात ठेवली आणि म्हणाले, "इंजिनिअर होताय ना, वाचा. मग बोलू." आता उघडून पाहतो तर समासात पेन्सिलीच्या खुणा. कुठे नुसतं "हो", कुठे "असे नव्हते", एके ठिकाणी तारीख आणि फक्त "मी होतो."

बाबा आता ७९ वर्षांचे आहेत. मोतीबिंदू काढून झाले, पण डोळ्यांच्या पडद्याच्या आजाराने वाचन थांबलंय. ठळक मथळे कळतात, मजकूर नाही. त्यामुळे जानेवारीपासून दर रविवारी इथल्या सकाळी नऊला, म्हणजे तिथल्या संध्याकाळी साडेसातला, आम्ही फोनवर त्यांना बारा पानं वाचून दाखवतो. आळीपाळीने. सात रविवार झाले, ८४ पानं झाली. वेग रात्रीच्या वाचनापेक्षा पुष्कळच कमी आहे, कारण बाबा मध्येच थांबवतात.

परवा असंच थांबवलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांच्याकडे बुडीत क्षेत्राच्या कडेने दगड रोवायचं काम होतं. पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर येणार त्या पातळीची ती रेघ. एका घराशी रेघ नेमकी घर आणि गोठा यांच्यामधून गेली. घर खाली, गोठा वर. तिथली म्हातारी दगडाकडे बघून म्हणाली, "म्हंजे सायेब, जनावरं ऱ्हातील आन् आमी बुडू?" आम्ही विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात? बाबा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "वाच पुढे." ही गोष्ट घरात कुणीच ऐकलेली नव्हती, आईनेसुद्धा.

बाकीची यादी मग भराभर झाली. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' लेकीबरोबर. १९३४ पासून भागाभागाने आलेलं हे पुस्तक इतक्या बोलत्या मराठीत आहे, की ऐकताना अर्थ विचारावा लागत नाही. शिवाय लक्ष्मीबाई स्वतः लग्नानंतर लिहाय-वाचायला शिकल्या हे कळल्यावर बोट ठेवून वाचणारीला जरा धीर आला. विश्राम बेडेकरांची १९३९ची 'रणांगण' लहानशी, युरोपातून हिंदुस्थानकडे निघालेल्या बोटीवर घडणारी, ती उन्हाळ्यातल्या भारतवारीच्या विमानासाठी. दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' (१९५६) म्हणजे बारा महिन्यांवरचे बारा लेख. ते पाडव्यापासून महिन्याला एक. आमच्याकडे चैत्रात झाडं अजून काटक्यांसारखी असतात, आणि खरा रंगोत्सव आश्विनात, मेपल लाल झाल्यावर. तेव्हा दुर्गाबाई आणि खिडकी यांचं पटणार नाही. तसं पटू नये, त्यातच मजा आहे. नेमाडेंची २०१० सालची 'हिंदू: जगण्याची समृद्ध अडगळ' तूर्त कपाटातच आहे. तिला कोण वाचणार यावर चर्चा सुरू आहे, पण उपशीर्षक आमच्या तळघराला लागू आहे यावर एकमत झालं.

एक अडचण राहिली. श्री. ना. पेंडशांचं 'तुंबाडचे खोत' दोन खंडांचं आहे आणि आमच्याकडे फक्त पहिला निघाला. दुसरा बॅगेत होता की पुण्यातच राहिला यावर तीन मतं आहेत, माणसं दोन असूनही. नळ बंद असल्यामुळे विकत घेता येत नाही. उसना आणायला नियमात मनाई नाही. तेव्हा मंडळी, कुणाकडे दुसरा खंड असेल तर पाडव्याच्या कार्यक्रमाला घेऊन या. आमचा पहिला खंड हवा असल्यास जूननंतर मिळेल, आणि सोबत घरची भाजणी.