शिक्षा संपल्यानंतर

भिलाईच्या पोलाद कारखान्यामुळे महाराष्ट्रातील अनेक कुटुंबे या परिसरात स्थायिक झाली. कोहका येथील आमचे कुटुंब त्यांपैकीच एक. जवळच दुर्ग शहरात मध्यवर्ती कारागृह आहे. तेथून शिक्षा भोगून सुटलेला एक मनुष्य एकदा आमच्या वस्तीत भाड्याची खोली शोधत होता. खोल्या रिकाम्या होत्या, आगाऊ भाडे देण्याची त्याची तयारी होती; पण त्याचा पूर्वेतिहास कळताच प्रत्येक दार बंद झाले. न्यायालयाने दिलेली शिक्षा संपली होती, समाजाने दिलेली सुरू झाली होती.

तुरुंगातील जीवन खडतर असते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातील कारागृहांत शंभर जणांच्या जागेत सरासरी १३१ बंदी राहत होते. त्यांतील दर चारांपैकी तीन जण कच्चे कैदी होते. म्हणजे त्यांचा खटला अद्याप निकालात निघाला नव्हता. अशा गर्दीत झोपायला पुरेशी जागा मिळणेही कठीण. मग सुधारणेकडे लक्ष कोण देणार? तरीही अनेक कारागृहांत सुतारकाम, विणकाम, शिवणकाम शिकवले जाते. मुक्त विद्यालयाची अभ्यासकेंद्रेही काही कारागृहांत चालतात. कदाचित हाच पाठ कोणी बराकीत बसून वाचत असेल.

परंतु शिकलेल्या हातांना बाहेर काम मिळाले नाही, तर ते शिक्षण व्यर्थ ठरते. या संदर्भात मला औंध संस्थानातील एक प्रयोग महत्त्वाचा वाटतो. १९३९ मध्ये राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या पाठिंब्याने, मूळचे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकारातून आटपाडीजवळ 'स्वतंत्रपूर' ही वसाहत उभी राहिली. आटपाडी आज सांगली जिल्ह्यात आहे. गंभीर गुन्ह्यांसाठी शिक्षा झालेले कैदी तेथे भिंतींवाचून राहिले, शेती करू लागले. त्यांची कुटुंबेही त्यांच्यासोबत राहू शकत. व्ही. शांताराम यांचा 'दो आंखें बारह हाथ' हा १९५७ चा चित्रपट याच प्रयोगातून स्फुरला.

स्वतंत्रपूरमध्ये पहारा कमी होता आणि विश्वास अधिक. गुन्ह्याने ज्यांचे नुकसान झाले, त्यांचे दुःख विसरावे असे मी म्हणत नाही. गुन्ह्याला शिक्षा हवीच. पण शिक्षेला शेवटही हवा. सरकार कारागृह सुधारू शकेल, हातांना कसब देऊ शकेल. मात्र सुटून आलेल्याला काम, निवारा आणि शेजार देणे हे तुमच्या-आमच्याच हाती आहे.