वाकणारे पोलाद

‘कडक’ या शब्दाला आपल्याकडे फार मान आहे. कडक शिस्त, कडक इस्त्री, कडक चहा! मुलगा जरा ढिला दिसला की वडीलधारे म्हणतात, “चार टक्केटोणपे खाऊ द्या त्याला, पोलादासारखा होईल.” टक्केटोणपे खाऊन खुद्द पोलादाचे काय होते, हे मात्र कुणी विचारीत नाही.

तारापूर आज पालघर जिल्ह्यात आहे. पण १९६९ साली तिथल्या अणुभट्ट्या वीज देऊ लागल्या तेव्हा ते आम्हां ठाणेकरांचेच होते. भट्टीच्या पोलादी पात्रावर न्यूट्रॉन नावाच्या सूक्ष्म कणांचा अखंड मारा होतो. त्याच्या धक्क्याने अणू आपली जागा सोडतात आणि सकाळच्या डोंबिवली लोकलमधल्या माणसासारखे भलतीकडेच अडकून बसतात. मग धातूचे थर एकमेकांवरून सहज सरकेनासे होतात. पोलाद पूर्वीपेक्षा कडक होते, आणि तिथेच घात होतो. जे वाकत नाही, ते तडकते.

हे वेळीच कळावे म्हणून त्याच पोलादाचे लहान तुकडे पात्रात ठेवलेले असतात. काही वर्षांनी ते काढून झुलत्या हातोड्याच्या एका घावाने मोडून पाहतात. तारापूरच्या तुकड्यांची अशी परीक्षा ट्रॉम्बेच्या भाभा केंद्रात झाली.

भाभांनी १९५५ साली जिनिव्हाच्या परिषदेत भाकीत केले होते, की वीस वर्षांत अणुसंमीलनाची, म्हणजे सूर्याच्या पोटातली, ऊर्जा माणसाच्या ताब्यात येईल. वीस गेली, सत्तरही गेली. अडचणी अनेक, त्यांतली एक पोलादाचीच. संमीलनातल्या न्यूट्रॉनचा जोर तारापूरच्या न्यूट्रॉनपेक्षा सुमारे सातपट; शिवाय तो धातूच्या अंगात हेलियमचे बुडबुडे उठवतो. म्हणून कल्पाक्कमच्या संशोधकांनी सुगरणीच्या काटेकोरपणे नवे पोलाद सिद्ध केले: शेकडा ९ भाग क्रोमियम, १.४ टंग्स्टन आणि टँटलमची चिमूट, अवघी ०.०६. त्यांना नुसते बळ नको होते. बळाबरोबर चिवटपणाही हवा होता.

मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. गर्दीचे धक्के खाऊन माणूस ताठर झाला, की आपण म्हणतो, आयुष्याने त्याला कणखर केले. असेल! पण तीस वर्षे कल्याण-मुंबई करूनही जो संध्याकाळी घरी आल्यावर नातवाचा घोडा होण्यासाठी आनंदाने वाकतो, पोलादी माणूस मी त्यालाच म्हणेन.